पेशींची खुशाली

ज्याला बसता येत नाही त्याच्याशी कोणी फार वेळ बोलू शकत नाही, ही गोष्ट पाठीच्या डॉक्टरांना कोणी शिकवत नाही. त्यांच्या लेखी माणूस चालतो, उभा राहतो, आडवा होतो, एवढं बस झालं. पण तुमच्या दारात एखादा गृहस्थ आला, तुम्ही म्हणालात, "या, बसा," आणि तो म्हणाला, "नको, उभाच बरा आहे," तर तुम्ही काय कराल? तुम्हीही उभेच राहाल. आणि दोन माणसं समोरासमोर उभी राहिली की आपोआप निरोपाची हवा तयार होते. कोणीतरी म्हणतं, "मग? बाकी काय?" आणि बाकी काहीच नसतं.

उभेकाकांचं नेमकं हेच झालं होतं. उभेकाका हे अर्थात त्यांचं नाव नव्हे. खरं नाव त्यांच्या दारावर पितळी पाटीवर होतं, पण इमारतीतल्या पोरांनी हे दुसरं ठेवलं आणि मोठ्यांना ते सोयीचं वाटलं. काकांनी तक्रार केली नाही. तक्रार करायची तर आधी कोणाच्या तरी घरी जाऊन बसायला हवं होतं.

ते कोर्टात लघुलेखक होते. आयुष्यभर एका डुगडुगत्या खुर्चीवर वाकून त्यांनी दुसऱ्यांचं बोलणं टिपून घेतलं. खून, घटस्फोट, बांधाची भांडणं, सगळं त्यांच्या पेन्सिलीखालून गेलं. स्वतः काही बोलायची वेळ नोकरीत कधी आली नाही, आणि घरी पत्नी दोघांच्या वाटचं बोलत असे. आधी ती गेली. मग कमरेतली गादी गेली.

"दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते," डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून दाखवलं. "तुमची सगळ्यात खालची पार चेपून गेलीय. बसलात की सगळा भार तिच्यावर येतो."

"मी तर कधीची म्हणतेय," समोरच्या वहिनी जिन्यात हे ऐकून म्हणाल्या, "ती गादी बदला म्हणून. कापूस पार दगड झालाय तिचा. वाळत घालता तेव्हा दिसतो ना मला."

काकांना बसणं अशक्य होतं असं नाही. ते बसू शकत. पण बसल्यावर थोड्याच वेळात कमरेत कोणीतरी स्क्रू पिळायला लागे, आणि मग चेहरा असा होई, की समोरचा विचारी, "माझं काही चुकलं का?"

बाकी सगळं सोसलं असतं. पत्त्यांचं मात्र लागलं. तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीशेजारी एक रिकामी खोली होती. तिथे रोज संध्याकाळी वहिनी, विमावाले, इमारतीचे खजिनदार आणि काका असा चौघांचा डाव बसायचा. गादी गेल्यावर काका उभ्याने खेळू लागले. आता टेबलाशी उभ्या असलेल्या माणसाला इतर तिघांचे पत्ते दिसणारच, यात त्याच्या चारित्र्याचा प्रश्न येत नाही. काकांनी तर छताकडे बघत खेळायला सुरुवात केली. त्यामुळे स्वतःचे पत्तेही त्यांना दिसेनात आणि ते प्रत्येक डाव हरू लागले. पण एकदा चुकून जिंकले, आणि खजिनदारांनी चष्मा काढला.

"मी काही म्हणत नाही," खजिनदार म्हणाले. काही म्हणायचं असलं की ते अशीच सुरुवात करत. "पण राणी माझ्याकडे आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"अंदाजाने."

"वरून अंदाज बरा येतो."

काका पत्ते खाली ठेवून वर निघून गेले. जिन्यात त्यांनी मनातल्या मनात एक जबरदस्त उत्तर तयार केलं, पण ते पूर्ण होईपर्यंत दार आलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या खुर्चीवर दुसऱ्या मजल्यावरचे दातवाले डॉक्टर बसले होते. दातवाले वयाने लहान होते, खेळायला कच्चे होते, आणि खेळताना गुणगुणत. तरी ते बसत होते.

तेव्हापासून काकांना एकच ध्यास लागला. ती खुर्ची परत मिळवायची.

त्यांच्या डॉक्टरांनीच मोठ्या इस्पितळातल्या प्रयोगाची वाट दाखवली. कमरेच्या मागच्या हाडातून सुईने मगज काढायचा, त्यातल्या मूळ पेशी प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवायच्या, आणि पुरेशा झाल्या की त्या चेपलेल्या गादीत सोडायच्या. त्यांनी मनावर घेतलं तर गादी थोडीफार सावरते. "गुण येईलच असं नाही, हं," डॉक्टर म्हणाले. "अजून तपासणंच चालू आहे." काका म्हणाले, चालेल. येईलच असं काही त्यांच्या आयुष्यात आजवर आलं नव्हतं.

बातमी इमारतीत पसरली आणि सल्ले सुरू झाले. विमावाल्यांनी दाराच्या चौकटीला लोंबकळायला सांगितलं. त्यांचं एक गिऱ्हाईक लोंबकळून बरं झालं होतं आणि उंचही. वहिनींना काळजी वेगळीच होती. "भावजी, हाडातल्या पेशी म्हणता. तिथे जाऊन त्यांनी हाडच केलं तर?" काकांना हा प्रश्न इतका रास्त वाटला, की त्यांना झोप लागली नाही.

इस्पितळात न्यायला दातवाले आपणहून तयार झाले. खुर्ची घेतल्याचं त्यांच्या मनाला लागलं असावं. काकांना गाडीत बसता येत नसल्यामुळे त्यांना मागच्या सीटवर आडवं करून, गुडघे दुमडून, दार लावून घ्यावं लागलं. सबंध रस्ता त्यांनी तारा, झाडांचे शेंडे आणि दिव्याचे खांब बघत काढला. आपण कोणाच्या तरी घरचं जुनं कपाट आहोत आणि आपल्याला कुठेतरी देऊन टाकायला नेलं जातंय, असं त्यांना राहून राहून वाटत होतं.

तिथे गेल्यावर खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "बसून घ्या, नाव पुकारू."

"उभा राहिलो तर चालेल का?"

"बसून घ्या," बाई म्हणाल्या.

काका भिंतीशी एका बंद दाराजवळ उभे राहिले. थोड्या वेळाने एक बाई येऊन त्यांच्या मागे उभी राहिली. मग एक काठीवाले. मग हात गळ्यात बांधलेला एक जाडगेला माणूस. काकांच्या लक्षात आलं तेव्हा मागे चांगली लांब रांग झाली होती आणि शेवटची माणसं पुढच्यांना, "का हो, हलत का नाही?" असं विचारत होती. इथे कसली रांग नाही, मी नुसताच उभा आहे, हे सांगायला त्यांनी घसा साफ केला. पण एवढ्या माणसांशी एकदम बोलायची सवय नव्हती. शेवटी दार उघडलं आणि आतून झाडू घेतलेली बाई बाहेर आली. ते झाडू-बादल्यांचं कपाट होतं. त्यानंतर लोकांनी काकांकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर त्यांनी कोर्टात फक्त आरोपींच्या वाट्याला आलेली पाहिली होती.

मगज काढताना फार दुखलं नाही. निघताना प्रयोगशाळेतल्या बाईंनी एक नंबर दिला. काही विचारायचं असलं तर फोन करा, म्हणाल्या. असं सगळेच म्हणतात, आणि सहसा कोणी करत नाही.

काकांनी केला. काय बोलायचं ते आधी लघुलिपीत लिहून काढलं आणि वाचून दाखवलं. "नमस्कार. माझ्या पेशी तुमच्याकडे आहेत. त्या कशा आहेत, एवढंच विचारायचं होतं."

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग बाई हसल्या. "छान आहेत. कालच बशीच्या तळाला धरल्या. आम्ही त्याला बसल्या म्हणतो."

"बसल्या?"

"हो. एकदा बसल्या की मग वाढतात."

काका फोन ठेवून खिडकीशी उभे राहिले. आपल्या अंगातलं कोणीतरी कुठेतरी स्वस्थ बसलेलं आहे, या विचाराने त्यांना भरून आलं. बाईंनी आणखीही सांगितलं होतं. पेशींना अंगाच्या उबेइतक्या उबेत ठेवलंय, एक दिवसाआड त्यांचं पाणी बदलतो, खाणं घालतो. काकांनी स्वतः त्या दिवशी सकाळचंच गार अन्न खाल्लं होतं. हॉस्टेलवर ठेवलेलं मूल घरच्यापेक्षा सुखात आहे असं कळल्यावर बापाला जे वाटत असेल, ते त्यांना वाटलं. मूलबाळ नसल्यामुळे खात्री करून घेता आली नाही.

खाली उतरताना वहिनी भेटल्या. "काय म्हणतात पेशी?"

"बसल्या."

"अगं बाई," वहिनी म्हणाल्या, आणि हातातली पिशवी कठड्यावर टेकवली. पिशवी टेकवली म्हणजे बोलणं होणार. किती तरी दिवसांत काकांसमोर कोणी पिशवी टेकवली नव्हती.

त्यानंतर काकांचे दिवस पालटले. ते नेमाने फोन करत, आणि जिन्यात उभं राहून खुशाली सांगत. जिन्यात सगळेच उभे असतात, तिथे काका कोणापेक्षा वेगळे नव्हते. विमावाले वर जाता जाता थांबून विचारत, "आज किती झाल्या?" दातवाल्यांना पेशींचं खाणं कसलं असतं यात फार रस होता. खजिनदारसुद्धा एकदा म्हणाले, "मी काही म्हणत नाही, पण जपून ठेवल्यात ना?" काकांच्या आयुष्यात प्रथमच सांगण्यासारखं काहीतरी होतं, आणि ते त्यांचं स्वतःचं होतं.

मग एके दिवशी बाईंचाच फोन आला. आवाज बदललेला होता.

"पाणी गढूळ झालं हो. बुरशी शिरली. आम्हाला सगळंच टाकून द्यावं लागलं. माफ करा."

"सगळ्याच का?"

"सगळ्याच. पण दुसऱ्या बाजूच्या हाडातून पुन्हा घेता येईल. तुम्ही विचार करून सांगा."

काकांनी टाय बांधावा तसा शर्टाची वरची गुंडी लावली आणि ही बातमी सांगायला जिना उतरू लागले. वाक्यही जुळवलं होतं. कळवण्यास वाईट वाटतं की. एवढ्यात वहिनींनी दार उघडलं.

"भावजी, तुमचीच वाट बघत होते. माझ्या बहिणीने फोनवर तुमच्या पेशींचं विचारलं. वाढतायत ना?"

काकांनी वहिनींच्या बहिणीला कधी पाहिलं नव्हतं. कुठल्या तरी लांबच्या घरात एक अनोळखी बाई आपली विचारपूस करते आहे, हे त्यांना झेपलं नाही.

"वाढतायत," ते म्हणाले.

एकदा वाढतायत म्हटल्यावर त्यांना आवरणार कोण. एका बशीत मावेनात, दोन बश्या झाल्या. दोनाच्या चार झाल्या. जिवंत असताना त्या बिचाऱ्या इतक्या जोमाने कधीच वाढल्या नव्हत्या. विमावाल्यांनी काकांचा दाखला गिऱ्हाइकांना द्यायला सुरुवात केली. काका रोज ठरवत, उद्या सांगू. आणि रोज कोणीतरी आधी विचारी. मधून मधून बाईंचा फोन येई, "मग? पुन्हा घ्यायचं ना?" आणि काका म्हणत, कळवतो. पुन्हा मगज काढायला जायचं म्हणजे दातवाल्यांच्या गाडीत आडवं व्हायचं, म्हणजे का ते सांगायचं, म्हणजे पेशी मेल्याचं सांगायचं, आणि त्या कधी मेल्या तेही.

शेवटी दातवाल्यांनीच तारीख काढली. "काका, आता झाल्या असतील ना पुरेशा? मी गुरुवारी मोकळा आहे. टोचून घेऊ."

काकांनी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि त्यातून "बरं" बाहेर पडलं.

गुरुवारी काका पुन्हा तारा आणि शेंडे बघत इस्पितळात पोचले. दातवाले सोबत आत येऊ लागले. काकांनी आत गर्दी असते, तुम्ही चहा घेऊन या, असं काहीतरी पुटपुटून त्यांना वाटेला लावलं आणि ओळखीच्या भिंतीशी जाऊन उभे राहिले. मागे रांग लागू नये म्हणून या वेळी तोंड भिंतीकडे केलं. कान धरून उभं केल्यासारखं ते बराच वेळ तसे उभे होते. मग संडासात जाऊन घरून आणलेली चिकटपट्टी पाठीमागे हात नेऊन लावली. मागचं दिसत नसल्यामुळे ती कमरेच्या बरीच वर, खांद्यांच्या मध्ये कुठेतरी लागली.

"अरे वा," बाहेर दातवाले म्हणाले. "दुखलं का?"

"खूप," काका म्हणाले. हे मात्र खरं होतं.

टोचल्यावर काही दिवस पडून राहायचं असतं, हे काकांनीच सगळ्यांना आधी सांगून ठेवलं होतं. त्याप्रमाणे ते पडून राहिले, आणि मग जे झालं त्याची त्यांनी कल्पनाही केली नव्हती. लोक आले. आले आणि बसले. माणूस आडवा असला की त्याच्या उशाशी बसायला कोणाला संकोच वाटत नाही. विमावाले तासभर बसले. वहिनी विणकाम घेऊन बसल्या. दातवाल्यांनी, पाठ हा काही आपला विषय नव्हे म्हणत, पट्टी काढली, तिच्याबरोबर पाठीवरचे केस निघाले, आणि काकांनी हूं की चूं केलं नाही. इतके सुखाचे दिवस पत्नी गेल्यापासून आले नव्हते. रोज सगळे निघून गेले की खोलीत चार खुर्च्या पलंगाभोवती तशाच राहत. काका त्या हलवत नसत. पडल्या पडल्या त्यांच्याकडे बघत, आणि त्यांना वाटे, आपण या माणसांना फसवून आणलंय. खरं सांगून कोणाला आणण्याइतकं आपल्याजवळ आहे काय?

मग ठरलेला दिवस उजाडला. तळमजल्यावर खुर्ची तयार होती. वहिनींनी तिच्यावर उशी ठेवली होती. दातवाले उठून कडेला स्टुलावर बसले होते.

"बसा ना, काका," ते म्हणाले.

काका बसले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. विमावाल्यांनी पत्ते वाटले. पहिला डाव संपेपर्यंत स्क्रू अर्धा पिळला गेला होता. दुसऱ्या डावात काकांच्या कपाळावर घाम आला आणि वहिनी म्हणाल्या, आनंद झालाय त्यांना. काकांच्या हातात हुकमाचा एक्का होता आणि तो चौकटचा की इस्पिकचा हेही त्यांना दिसत नव्हतं. रोज. आता हे रोज करायचं. यापुढे दर संध्याकाळी ते इथे सगळ्यांच्या मध्ये बसणार होते, आणि आपल्याला दुखतंय हे ज्याला माहीत आहे असा एकही माणूस या खोलीत असणार नव्हता.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. प्रयोगशाळेतल्या बाई. खोली लहान होती आणि बाईंचा आवाज खणखणीत.

"अहो, मी शेवटचं विचारतेय. सोमवारी येताय का पुन्हा मगज द्यायला? नाहीतर तुमचं नाव कमी करून दुसऱ्या पेशंटला घेतायत."

सगळे ऐकत होते. दातवाल्यांचं गुणगुणणं थांबलं. काकांनी टेबलाकडे पाहिलं, उशीच्या कडेकडे पाहिलं. हो म्हटलं तर ही खुर्ची जाणार. नाही म्हटलं तर हीच खुर्ची, अशीच, कायमची.

"येतो," ते म्हणाले. "सोमवारी येतो." मग फोन ठेवून, आयुष्यात प्रथमच काहीही लिहून न काढता म्हणाले, "पेशी मेल्या. बुरशी लागली. खूप दिवस झाले त्याला."

दातवाले स्टुलावरून उठले.

"मग मी तुम्हाला गुरुवारी नेलं ते कुठे?" दातवाले म्हणाले.

"भिंतीशी."

"आणि ती पट्टी?"

"घरची."

"मी दोन गिऱ्हाइकांना सांगितलं हो," विमावाले म्हणाले. "एकाने तर सही केली."

खजिनदारांनी चष्मा काढला. "मी काही म्हणत नाही. पण आत्ता तुम्ही बसलाय, ते दुखतंय?"

"हो."

"मग उठा की."

काका उठले. उठताच सगळ्यांनी, न ठरवता, आपापले पत्ते छातीशी धरले. वहिनी नुसत्या उशीकडे बघत राहिल्या, आणि काकांना तेच सगळ्यात जास्त लागलं.

सोमवारी ते भाड्याच्या गाडीने गेले. मागे आडवा झालेला म्हातारा बघून चालकाने दोनदा गाडी थांबवली आणि, "आहात ना?" असं विचारलं. काका म्हणाले, आहे. दुसऱ्या बाजूच्या हाडाला पहिल्यापेक्षा जास्त दुखलं, किंवा या वेळी बाहेर कोणी नव्हतं म्हणून तसं वाटलं असेल.

पेशी पुन्हा बसल्या. बाईंनी आनंदाने सांगितलं. काकांनी आभार मानले, फोन ठेवला, आणि सवयीने दारापर्यंत गेले. पण जिन्यात आता कोणी थांबत नव्हतं. विमावाले घाईत असत. दातवाले नमस्कार करत, पण चढता चढता. काका दार लोटून पुन्हा आत येत. बातमी होती, खरी होती, आणि ती घरातल्या घरात इकडून तिकडे फिरत होती.

असेच काही दिवस गेले. एका दुपारी ते दूध घेऊन वर येत असताना वहिनी समोरून उतरत होत्या. काकांनी भिंतीकडे सरकून वाट दिली. वहिनी दोन पायऱ्या खाली गेल्या आणि थांबल्या.

"मला एकच सांगा भावजी," त्या मागे न बघता म्हणाल्या. "त्या गेल्या, त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

काकांनी दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "सांगितलं असतं तर मग पुढे कोणी काही विचारलं नसतं."

"असं वाटलं तुम्हाला." वहिनी वळल्या. त्या रागावलेल्याच होत्या. "अहो, आम्ही वर आलो असतो. कोणाचं काही गेलं की माणसं येऊन बसतात. तेवढं तरी करू द्यायचंत."

जिना रिकामा होता. दूध हाताला गार लागत होतं. त्यांनी दोनदा घसा साफ केला, आणि जे वाक्य त्यांनी कधी कोणाला म्हटलं नव्हतं, कारण घरात ते म्हणायचं काम दुसऱ्या कोणाचं तरी होतं, ते म्हणाले.

"मग आता येता का? वर. घरी."

वहिनींनी हातातल्या पिशवीकडे पाहिलं. मग जिन्याखाली. मग त्या वर चढू लागल्या.

खोलीत त्या चार खुर्च्या अजून पलंगाभोवती तशाच होत्या. वहिनींनी त्या बघितल्या. काका खिडकीशी उभे राहिले.

"दुसऱ्या घेतल्यात," ते म्हणाले. "पण फार काही सांगण्यासारखं नाही. एक बशी आहे. पाणी अजून गढूळ झालेलं नाही. एवढंच."

"बरं," वहिनी म्हणाल्या. त्यांनी एक खुर्ची खिडकीच्या बाजूला ओढली, तीवर बसल्या आणि पिशवी खाली ठेवली. "आता पहिल्यापासून सांगा. जसं झालं तसं."